अनुशीलन आणि युगांतर: बंगालच्या गुप्त समित्यांमधलं तीस वर्षांचं वैर

जुनी_वही

शाळेच्या पुस्तकात आपण 'बंगालचे क्रांतिकारक' असं एका दमात शिकलो. खुदीराम बोस, बारींद्र घोष, बाघा जतीन, सूर्य सेन ही जणू एकाच संघटनेची माणसं. प्रत्यक्षात बंगालमध्ये दोन मोठे गुप्त गट होते, ढाक्याची अनुशीलन समिती आणि कलकत्त्याकडचा युगांतर गट. त्यांच्यातलं वैर १९०८ च्या आगेमागे सुरू झालं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडापर्यंत टिकलं. शत्रू एक, घोषणा एक, वाचायची पुस्तकंही तीच. तरी एका गटाचा मुलगा दुसऱ्या गटाच्या मुलाशी गावात बोलत नसे. मराठीत यावर फारसं लिहिलं जात नाही, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगतो. हे वैर विचारांचं कमी आणि गुप्त संघटनेच्या घडणीचं जास्त होतं. शपथ एका माणसासमोर, पैशाचा हिशेब एका माणसाकडे, आणि भांडण झालं तर दाद मागायला वर कुणीच नाही.

सुरुवात बडोद्यापासून करावी लागते. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्यात होते. त्यांचे मित्र खासेराव जाधव आणि त्यांचे बंधू माधवराव यांच्या मदतीने जतींद्रनाथ बॅनर्जी नावाचा एक धिप्पाड बंगाली तरुण गायकवाडांच्या फौजेत भरती झाला. बंगाल्यांना तेव्हा फौजेत घेत नसत, म्हणून 'उपाध्याय' असं उत्तर हिंदुस्थानी नाव लावून. कवायत, घोडेस्वारी, शिस्त सगळं शिकवून अरविंदांनी त्याला १९०२ च्या सुमारास कलकत्त्याला पाठवलं. तिकडे सतीशचंद्र बसू यांनी २४ मार्च १९०२ ला अनुशीलन समिती काढली होती आणि बॅरिस्टर प्रमथनाथ मित्र तिचे अध्यक्ष होते. दोघांनी हात मिळवले. लाठी, कुस्ती, सायकल, घोडा, शिवाय रविवारी इतिहासाचे वर्ग.

मग अरविंदांचा धाकटा भाऊ बारींद्र कलकत्त्यात आला आणि पहिली ठिणगी पडली. जतींद्रनाथ फौजेतून आलेले, त्यांना पोरांनी हुकूम पाळायला हवा होता. बारींद्र विशीतला, भावनेच्या भरात पोरांना ओढणारा. एका घरात दोन पुढारी. अरविंद मध्यस्थीला स्वतः आले, पण मन जुळलं नाही. जतींद्रनाथ बाजूला झाले आणि पुढे संन्यास घेऊन निरालंब स्वामी झाले. समितीचं वय तेव्हा दोन-तीन वर्षांचं. अजून एक बॉम्बही झालेला नव्हता.

बाकीचं उद्या लिहितो. तोवर कुणाला भर घालायची असेल तर घालावी.

मेघनाकाठ

छान विषय काढलात. माझं बालपण कलकत्त्यात गेलं, घरात मराठी आणि गल्लीत बंगाली. तुम्ही म्हणता त्या इतिहासाच्या वर्गांत शिकवणारा एक माणूस आपला होता, हे इथे सांगायलाच हवं. सखाराम गणेश देऊस्कर. आताच्या झारखंडातल्या देवघर शहराजवळच्या करौं गावात १८६९ साली जन्म, घर मराठी, लेखन बंगालीत. देवघरला ते शिक्षक होते आणि बारींद्रचं बालपणही तिथेच, आजोबा राजनारायण बसूंच्या घरी गेलं. इंग्रजी राज्याने देश कसा नागवला, हे आकडेवारीनिशी मांडणारं त्यांचं 'देशेर कथा' हे पुस्तक १९०४ मध्ये निघालं आणि १९१० मध्ये सरकारने ते जप्त केलं. समितीतल्या मुलांचं ते पाठ्यपुस्तकच होतं म्हणा. दोन्ही गटांची मुलं तेच वाचून मोठी झाली.

शिवाजी उत्सव बंगालमध्ये रुजवण्यातही देऊस्कर पुढे होते. त्यांच्या 'शिवाजीर दीक्षा' या पुस्तिकेला रवींद्रनाथांची 'शिवाजी उत्सव' ही कविता जोडलेली आहे. १९०६ च्या जूनमध्ये टिळक कलकत्त्याच्या उत्सवाला गेले, तेव्हा या सगळ्या मंडळींची तिथे गाठ पडली.

देऊस्कर १९१२ मध्ये गेले. महाराष्ट्रात त्यांचं नाव किती जणांना माहीत असेल, या विचाराने मला नेहमी वाईट वाटतं.

अपर्णा_म

ढाक्याची समिती आणि कलकत्त्याची समिती वेगळ्या कधी झाल्या? नाव तर एकच दिसतं आहे.

जुनी_वही

अपर्णाताई, नाव एकच होतं आणि घोटाळा तिथेच होतो.

वंगभंगानंतर बिपिनचंद्र पाल आणि प्रमथनाथ मित्र पूर्व बंगालच्या दौऱ्यावर गेले. ढाक्यात पुलिनबिहारी दास या लाठीबहाद्दराला मित्रांनी दीक्षा दिली आणि शाखा काढायला सांगितलं. पुलिनबाबूंनी शाखा काढली ती अशी, की दोन-तीन वर्षांत मूळ झाड बारीक आणि फांदी मोठी झाली. पूर्व बंगालच्या खेड्यापाड्यांत शेकडो शाखा. सगळ्यांचा दोर ढाक्यात.

या समितीच्या प्रतिज्ञा सरकारच्या हाती लागल्या म्हणून आपल्याला माहीत आहेत. आद्य, अंत्य आणि मग दोन विशेष प्रतिज्ञा, अशी चढती पायरी. पहिल्याच पायरीवर मुलगा सांगायचा की मी या समितीपासून कधी वेगळा होणार नाही, वरच्यांचा हुकूम तोंडातून शब्द न काढता पाळीन, पुढाऱ्यापासून काही लपवणार नाही. वरच्या पायरीवर आईवडील, भावंडं, घरदार यांची ओढही सोडायची. विधी ढाक्यातल्या रमणा भागातल्या सिद्धेश्वरी कालीमंदिरात व्हायचा. मुलाने आदल्या दिवसापासून उपास धरायचा, धूपदीपाचा होम, मग तो एक गुडघा टेकून बसायचा. त्याच्या डोक्यावर गीता ठेवायची आणि गीतेवर तलवार. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या मनावर याचा काय ठसा उमटत असेल, विचार करा. आता या मुलाने उद्या दुसऱ्या गटाच्या बैठकीला जायचं ठरवलं तर? त्याच्या मनात ते शपथ मोडण्याइतकंच पाप. आणि समितीच्या नजरेत तो उद्याचा खबऱ्या. ढाका अनुशीलनने फितुरीच्या संशयावरून आपलीच मुलं मारल्याच्या घटना १९०८ पासून आहेत.

कलकत्त्यात मात्र बारींद्रने मार्च १९०६ मध्ये 'युगांतर' साप्ताहिक काढलं. भूपेंद्रनाथ दत्त, म्हणजे विवेकानंदांचे धाकटे बंधू, त्यात होते आणि १९०७ मध्ये त्यापायी वर्षभर तुरुंगात गेले. उघड उघड बंडाची भाषा, अंक हातोहात खपायचा. प्रमथनाथ मित्र आणि पुलिनबाबूंना हे पसंत नव्हतं. आधी माणसं घडवा, शाखा वाढवा, मग काय ते करा, असं त्यांचं म्हणणं. बारींद्रच्या मंडळींना घाई होती. माणिकतल्याच्या मुरारीपुकुर बागेत त्यांनी बॉम्ब करायला घेतले. ३० एप्रिल १९०८ ला मुझफ्फरपूरला खुदीराम आणि प्रफुल्ल चाकी यांच्या बॉम्बने न्यायाधीश किंग्जफर्डऐवजी केनेडी मायलेकी गेल्या आणि २ मे रोजी अख्खी बाग पोलिसांच्या जाळ्यात सापडली. ढाकेकर म्हणाले, आम्ही सांगत होतो. त्यांनी स्वतः २ जून १९०८ ला बाहरा गावावर होड्यांतून मोठा दरोडा घातला, तेव्हा तिकडच्यांनी नावं ठेवली की हे गरीब देशबांधवांना लुटतात. पुढे दरोडे दोघांनीही घातले, पण पहिला डाग मनात राहिला.

'युगांतर' नावाचा पक्ष म्हणून कुणी नोंदवलेला नव्हता. बागेतल्या धरपकडीनंतर जे उरले ते हळूहळू जतींद्रनाथ मुखर्जींभोवती, म्हणजे बाघा जतीनभोवती जमले. हे बंगाल सरकारच्या कचेरीत स्टेनोग्राफर होते. बंद पडलेल्या साप्ताहिकाचं नाव पोलिसांनी आणि लोकांनी त्या गटाला लावलं आणि ते चिकटलं. बारिसाल, मैमनसिंग, मदारीपूर, उत्तर बंगाल, जिथे तिथे आपापले 'दादा', आणि जतीनदांच्या शब्दाला सगळ्यांचा मान, अशी ती सैल बांधणी होती. ढाक्याला ही बांधणी बेशिस्त वाटायची, आणि यांना ढाक्याची पद्धत लष्करी हुकूमशाही वाटायची.

कऱ्हाकाठ

वाचतो आहे, पण मनाला लागलं म्हणून लिहितो. ही माणसं फासावर गेली, अंदमानात खितपत पडली. शंभर वर्षांनी आपण त्यांच्या भांडणांची उजळणी का करायची? शिवाय हे सगळं पोलिसांच्या अहवालांतून आलेलं. क्रांतिकारकांत फूट होती हे दाखवण्यात सरकारचा फायदाच होता. १९१८ चा रौलट समितीचा अहवाल कशासाठी लिहिला गेला, ते आपल्याला माहीत आहे.

जुनी_वही

कऱ्हाकाठ, तुमची भावना मला समजते आणि तुमची शंका रास्त आहे. सरकारी कागद सावधपणेच वाचायला हवेत. पण या वैराबद्दल सर्वांत कडवट लिहिलं आहे ते त्या माणसांनीच. हेमचंद्र कानुनगो यांनी घरदार विकून १९०६ मध्ये पॅरिस गाठलं आणि तिथे एका रशियन क्रांतिकारकाकडून स्फोटकांची विद्या घेतली. आपले सेनापती बापट तिथेच त्यांच्याबरोबर शिकले. अंदमान भोगून आल्यावर हेमचंद्रांनी आठवणी लिहिल्या, आणि त्यांत पुढाऱ्यांच्या अहंकारावर त्यांनी जेवढं झोडलं आहे तेवढं कुठल्याही इंग्रज अधिकाऱ्याने झोडलं नसेल. युगांतरचे जादूगोपाल मुखर्जी, अनुशीलनचे त्रैलोक्यनाथ चक्रवर्ती यांनीही लिहिलं आहे. दोघांचं वाचलं की तीच घटना दोन रंगांत दिसते.

त्यांचं मोठेपण मानूनच मी हे लिहितो आहे. ज्या पोरांनी डोक्यावर तलवार ठेवून शपथ घेतली, त्यांच्या त्यागाचं पुढाऱ्यांच्या भांडणात काय झालं, हे कळायला नको का? आणि एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मुलगा कुठल्या गटात जाणार, हे बहुतेक वेळा त्याच्या शाळेत कुठल्या दादाची आधी ओळख झाली यावर ठरायचं. तत्त्वज्ञान वाचून, दोन पक्ष तोलून कुणी निवड केली असं क्वचितच दिसतं. मास्तर अनुशीलनचे असतील तर वर्ग अनुशीलनचा. मग पुढची वीस वर्षं, तुरुंगासकट, त्याच गटाची.

रामटेकचा_पथिक

डॉ. हेडगेवार १९१० मध्ये नागपूरहून कलकत्त्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजात शिकायला गेले, तेव्हा त्यांचा अनुशीलनशी संबंध आला असं त्यांच्या चरित्रकारांनी लिहिलं आहे. तेव्हाची कलकत्त्याची समिती म्हणजे ढाक्याचीच का?

मेघनाकाठ

१९०९ च्या जानेवारीत सरकारने समित्या बेकायदा ठरवल्या. पुलिनबाबू आधी स्थानबद्ध, सुटून आले तर १९१० च्या ढाका कटात पुन्हा अटक. त्यानंतर ढाक्याच्या मंडळींनी कलकत्त्यातही आपलं बस्तान बसवलं, वसतिगृहांतून, मेसमधून. त्यामुळे त्या काळात कलकत्त्यातल्या एखाद्याला 'अनुशीलनचा' म्हटलं की तो बहुधा ढाक्याच्या दोराला बांधलेला. एखाद्या विशिष्ट माणसाबद्दल मात्र कागद हाती नसताना बोलू नये असं मला वाटतं.

आता रॉडाच्या पिस्तुलांबद्दल कुणी तरी लिहा. नाहीतर मी लिहिते.

जुनी_वही

तुम्हीच लिहा ताई, तो भाग तुमच्या पायाखालचा आहे.

मेघनाकाठ

लिहिते.

डलहौसी चौकाजवळ, व्हॅन्सिटार्ट रो मध्ये, आर. बी. रॉडा या बंदूकविक्रेत्यांची पेढी होती. २६ ऑगस्ट १९१४ ला त्यांचा माल जकातघरात आला, २०२ खोकी. ते सोडवून आणण्याचं काम श्रीशचंद्र मित्र या कारकुनाचं. त्याने सात बैलगाड्या केल्या. सातव्या गाडीचा गाडीवान हिंदुस्थानी हमालाच्या वेषात, केस बारीक कापलेले, अंगात मळकी बंडी. तो होता हरिदास दत्त, ढाक्याच्या मुक्ती संघाचा माणूस. सहा गाड्या नीट गोदामात पोचल्या, १९२ खोकी उतरली. सातवी वळली ती मलंगा लेनमध्ये. 'उरलेला माल घेऊन येतो' म्हणून गेलेला कारकून परत आलाच नाही. दहा खोक्यांत ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं. ही पिस्तुलं लहानसहान नव्हेत. लाकडी पेटी मागे जोडली की खांद्याला लावून बंदुकीसारखी चालवता येत.

काम फत्ते केलं ते बिपिनबिहारी गांगुलींच्या आत्मोन्नती समितीच्या आणि मुक्ती संघाच्या पोरांनी, म्हणजे दोन लहान गटांनी. पण ५० पैकी ४४ पिस्तुलं जवळजवळ लगेच नऊ वेगवेगळ्या गटांमध्ये वाटली गेली. रौलट अहवालातला आकडा असा की १९१४ च्या ऑगस्टनंतर ही पिस्तुलं दरोडे, खून आणि खुनाच्या प्रयत्नांच्या ५४ घटनांत वापरली गेली. एरवी एकमेकांना आपलं लपायचं घरही न दाखवणारे गट हत्यार वाटून घ्यायला तयार झाले. बाघा जतीनचं वजन त्यामागे होतं.

त्याच बळावर जतीनदांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीकडून शस्त्रं आणून उठाव करायचा मोठा बेत आखला. पश्चिम आणि उत्तरेकडचे बहुतेक गट त्यांच्या झेंड्याखाली आले. ढाका अनुशीलन एक संघटना म्हणून आली नाही. शस्त्रांचं जहाज पोचलं नाही, ९ सप्टेंबर १९१५ ला बालासोरजवळ चकमक झाली, चित्तप्रिय राय चौधरी तिथेच पडला आणि दुसऱ्या दिवशी जतीनदा इस्पितळात गेले. हातात रॉडाचीच माउझर होती.

शिरूरकर

या ठिकाणी आमच्या तालुक्याच्या माणसाचं नाव घ्यायलाच हवं. विष्णू गणेश पिंगळे, तळेगाव ढमढेरे. अमेरिकेतून गदर या तिथल्या हिंदी क्रांतिकारकांच्या पक्षाच्या मंडळींबरोबर १९१४ च्या अखेरीस कलकत्त्यात उतरले. आधी बाघा जतीनला भेटले आणि तिथून बनारसला रासबिहारी बोसांकडे गेले. बनारसचा तळ शचींद्रनाथ सान्यालांचा, आणि सान्यालांनी १९०८ मध्ये तिथे काढलेली संस्था अनुशीलन नावाचीच होती. म्हणजे एका महिन्यात या माणसाने दोन्ही बाजूंची दारं ठोठावली आणि दोन्ही उघडली. परका असल्यामुळे त्याला हे जमलं असं मला वाटतं. त्याच्या अंगावर कुठल्याही दादाची शपथ नव्हती.

१९१५ च्या फेब्रुवारीचा पंजाबातला उठाव किरपालसिंगच्या फितुरीने फसला. २१ ची तारीख १९ वर आणली, तीही फुटली. पिंगळे तरी मागे हटले नाहीत. २३ मार्चला मीरतला १२ व्या घोडदळाच्या बराकीत बॉम्बच्या पेटीसह सापडले आणि १६ नोव्हेंबरला लाहोरला कर्तारसिंग सराभाबरोबर फासावर गेले.

बंगालमधला जर्मन बेत आणि पंजाबातला उठाव हे दोन्ही एकाच वर्षातले. एकाच हाताने दोन्ही दोऱ्या धरल्या असत्या तर काय झालं असतं, हा विचार केल्यावाचून राहवत नाही.

कऱ्हाकाठ

शिरूरकर, पण दोन वेगळे हात होते म्हणूनच एक तुटल्यावर दुसरा वाचला असंही म्हणता येईल ना? सगळे एका दोराला बांधलेले असते तर एका किरपालसिंगने सगळेच बुडवले असते. जुनी वही, तुमच्या मांडणीत ही बाजू येत नाही. गट वेगळे असणं हा गुप्त कामातला बचावसुद्धा आहे. १९०८ ला बाग धरली गेली तेव्हा ढाका उभं राहिलं, १९१० ला ढाका धरलं तेव्हा जतीन मुखर्जींची माणसं उभी राहिली.

जुनी_वही

हा मुद्दा बिनतोड आहे. वेगळे असण्याला माझी हरकत नाही. पण वेगळे राहून ऐन वेळी एक निर्णय घेता यायला हवा, आणि त्यासाठी दोघांनीही मानलेली एखादी जागा हवी. १९१४-१५ मध्ये ती जागा म्हणजे एक माणूस होता, जतीनदा. तो पडला आणि जागाही गेली. पिंगळ्यांसारख्या माणसाने दोन्ही दारं उघडून घेतली, पण तो एकटा काय करणार?

आता १९२० नंतरचं. इथे वैर उघड्यावर आलं.

युगांतरच्या पुढाऱ्यांनी गांधीजींना एक संधी द्यायचं ठरवलं आणि ते काँग्रेसमध्ये शिरले. चित्तरंजन दासांनी त्यांना जवळ केलं. अनुशीलनची मंडळी बराच काळ अंग राखून होती. पुलिनबाबू तर असहकाराच्या विरोधात उतरले आणि त्यापायी त्यांच्याच जुन्या सहकाऱ्यांपासून तुटले. १६ जून १९२५ ला चित्तरंजन गेले आणि बंगाल काँग्रेसला धनी उरला नाही. जतींद्रमोहन सेनगुप्त कलकत्त्याचे महापौर, प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष आणि स्वराज पक्षाचे कौन्सिलातले नेते झाले. मंडालेहून १९२७ मध्ये सुटून आलेले सुभाषबाबू दुसऱ्या बाजूला. मोठ्या मानाने युगांतर सुभाषबाबूंच्या मागे आणि अनुशीलन सेनगुप्तांच्या मागे उभं राहिलं. गावोगावच्या काँग्रेस कमिट्यांची निवडणूक म्हणजे दोन गुप्त गटांची ताकद मोजायची जागा झाली. मतदार याद्या, वर्गणीदारांची नावं, कोण खरं कोण खोटं, यावर डोकी फुटली.

चितगाव हा सेनगुप्तांचा स्वतःचा जिल्हा. तिथे सूर्य सेनांचा गट सुभाषबाबूंच्या बाजूचा आणि अनुशीलनचा गट समोर. १९२९ च्या जिल्हा काँग्रेसच्या निवडणुकीत दोन्हीकडची तरुण पोरं मारामारीवर आली. पुढच्याच वर्षी, १८ एप्रिल १९३० ला, याच सूर्य सेनांनी चितगावची शस्त्रागारं घेतली. लुईस गनी मिळाल्या, काडतुसं मिळाली नाहीत. शहरातला दुसरा गट या बेतात नव्हता.

तरुण पोरं या सगळ्याला विटली होती, हेही सांगायला हवं. दोन्ही गटांतल्या काहींनी दादा लोकांना बाजूला सारून एकत्र काम सुरू केलं होतं, त्यांना 'रिव्होल्ट ग्रुप' म्हणत. अनुशीलनचे सतीश पाकडाशी आणि बारिसालचे निरंजन सेनगुप्त त्यात होते. १९२९ च्या अखेरीस मछुआबाजार बॉम्ब खटल्यात ते सापडले. तिकडे उत्तरेत सान्याल आणि योगेश चटर्जींनी उभारलेल्या संघटनेतून पुढे भगतसिंग, आझाद आणि आपले खेडचे राजगुरू यांची हिंदुस्थान सोशालिस्ट रिपब्लिकन असोसिएशन तयार झाली. त्यांना बंगालच्या पुढाऱ्यांकडून फार साथ मिळाली नाही. आग्र्याला जाऊन बॉम्ब करायला शिकवले ते जतीन दासने, स्वतःच्या हिमतीवर.

अपर्णा_म

महाराष्ट्रात असं का झालं नाही? की झालं आणि आपल्याला माहीत नाही?

शिरूरकर

माझ्या मते इथे वैर पिकायला वेळच मिळाला नाही. चापेकरांचं मंडळ १८९७ च्या रँड प्रकरणानंतर संपलं. अभिनव भारत १९०४ ची. १९०९ च्या डिसेंबरात नाशिकला जॅक्सनचा वध झाला आणि वर्षभरात सगळी फळी तुरुंगात. कान्हेरे, कर्वे, देशपांडे १९ एप्रिल १९१० ला ठाण्याला फाशी गेले. ढाक्यासारख्या शेकडो शाखा आणि पंचवीस वर्षांचा पसारा इथे उभाच राहिला नाही.

वऱ्हाडवाट

मी बराच वेळ नुसता वाचत होतो, पण आता आमच्या यवतमाळचं नाव यायची वेळ झाली.

जुनी वहींनी वर म्हटलं की दाद मागायला कुणी नव्हतं. १९३१ मध्ये ती दाद मागितली गेली, आणि ऐकायला बसले लोकनायक बापूजी अणे. सुभाषबाबू आणि सेनगुप्त यांच्या गटांतला निवडणुकीचा तंटा इतका विकोपाला गेला की काँग्रेस कार्यकारिणीने अण्यांना लवाद नेमून बंगालला पाठवलं. वणीचा, टिळकांच्या तालमीतला हा वकील माणूस. बंगाली राजकारणात त्यांचं कुणी सोयरंधायरं नव्हतं, दोन्ही बाजूंना त्यांच्याबद्दल आदर होता. त्यांनी दोघांचं ऐकून घेऊन निवाडा दिला.

ते चालू असतानाच १६ सप्टेंबर १९३१ ला हिजलीच्या स्थानबद्धांच्या छावणीत पहारेकऱ्यांनी गोळीबार केला. संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त हे दोन निःशस्त्र कैदी ठार झाले. सुभाषबाबू आणि सेनगुप्त दोघेही हिजलीला गेले. सुभाषबाबूंनी प्रांतिक काँग्रेसचं अध्यक्षपद सोडलं, की आता तरी भांडण मिटू दे. रवींद्रनाथ प्रकृती बरी नसताना मैदानावरच्या निषेध सभेला आले. आजोबांच्या पिढीत अण्यांचं नाव निघालं की लोकांना आठवायचा तो जंगल सत्याग्रह. बंगालचं हे काम मला फार मोलाचं वाटतं, कारण या दोन गटांचा वाद इथे तिऱ्हाइतासमोर मांडला गेला.

जुनी_वही

वऱ्हाडवाट, मनापासून आभार. मला नेमकं हेच म्हणायचं होतं आणि तुम्ही त्याला माणूस जोडून दिलात. काँग्रेसच्या उघड्या अंगणात आल्यावरच या दोघांना लवाद मिळू शकला. गुप्त समितीत लवाद नेमायचा तर त्याला सभासदांची नावं, पैसा, शस्त्रं सगळं सांगावं लागणार, आणि ते सांगायचं नाही हीच तर पहिली प्रतिज्ञा.

मेघनाकाठ

छावण्यांचं निघालंच आहे तर हेही नोंदवते. बक्सा, हिजली, देवळी अशा छावण्यांत शेकडो बंगाली तरुण खटल्याविना वर्षानुवर्षं होते. तिथे अनुशीलनची चूल वेगळी, युगांतरची वेगळी आणि दोन्हींत न बसणाऱ्यांची तिसरी. एकाच कुंपणात, त्याच तांदळाचा भात वेगवेगळ्या पातेल्यांत शिजायचा. नवा कैदी आला की पहिला प्रश्न, जेवायला कुठे बसणार? तिथेच मार्क्सचं वाचन सुरू झालं आणि त्या वाचनाने जे केलं ते शपथांनी केलं नव्हतं. दोन्हीकडची कितीतरी मुलं जुन्या दादांना सोडून कम्युनिस्ट पक्षात एकत्र आली.

कऱ्हाकाठ

मग शेवटी गट मिटले का? सेनगुप्तांचं काय झालं?

जुनी_वही

सेनगुप्त जुलै १९३३ मध्ये रांचीला स्थानबद्धतेतच वारले. युगांतरच्या पुढाऱ्यांनी १९३८ मध्ये आपला गट विसर्जित झाल्याचं जाहीर केलं. अनुशीलनच्या ज्यांनी मार्क्सवाद स्वीकारला पण कम्युनिस्ट पक्षात जायचं नव्हतं, त्यांनी मार्च १९४० मध्ये रामगडला रिव्होल्युशनरी सोशालिस्ट पार्टी काढली. तो पक्ष आजही बंगाल आणि केरळात आहे. आणि त्याआधीच पत्ते उलटे पडले होते. १९३९ मध्ये सुभाषबाबू आणि काँग्रेसश्रेष्ठी यांच्यात बिनसलं, तेव्हा युगांतरचे सुरेंद्रमोहन घोष यांच्यासारखे जुने साथी त्यांच्यापासून दूर गेले आणि अनुशीलनची मंडळी त्यांच्या बाजूने उभी राहिली. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्यावरून चितगावात डोकी फुटली होती, त्यांच्या भोवतीची माणसं अशी बदलली.

त्रैलोक्य महाराज, ज्यांचं नाव वर आलं, त्यांनी सुमारे तीस वर्षं तुरुंगात काढली, फाळणीनंतरही पूर्व पाकिस्तानातच राहिले आणि १९७० च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत वारले. त्यांच्या आणि जादूगोपालांच्या आठवणी समोरासमोर ठेवून १९१४-१५ चा भाग मी सध्या वाचतो आहे. ढाक्याने जर्मन बेतात उडी का घेतली नाही, यावर दोघांचं म्हणणं वेगळं पडतं. ते टिपून झालं की याच धाग्यावर टाकतो. मेघनाकाठताई, 'देशेर कथा'च्या मराठी वाचनाचं तुम्ही मनावर घेतलंत तर इथले निम्मे लोक तुमच्याबरोबर बसतील.

मेघनाकाठ

घेते मनावर. पहिलं प्रकरण या महिन्यात टाकते, आकड्यांची कोष्टकं आहेत तशीच ठेवून.